निश्चय मोडतो तो चहापाशी

वजन कमी करण्याचा निश्चय ताटापाशी क्वचितच मोडतो. तो मोडतो पाहुणचाराच्या चहा-बिस्किटापाशी. लातूर-नांदेडकडे घरी आल्यावर चहा नाकारला, तर यजमानाला वाईट वाटते. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून सांगितलेला नियम इथे कामी येतो. कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचे आणि रोज ४५ मिनिटे चालायचे. मध्ये पाणी किंवा पातळ ताक. कॅलरी मोजायच्या नाहीत. नियम एका वाक्यात सांगता येत असल्याने घरच्यांनाही पटतो.

खरी परीक्षा पुढे असते. सुरुवातीला शरीरातील पाणी कमी होऊन वजन भरभर उतरते. मग काटा थबकतो आणि अनेक जण कंटाळतात. तेव्हा कंबरेचा घेर मोजावा. लग्नाच्या पंगतीत नियम मोडला, तर सोमवारची वाट न पाहता पुढच्या जेवणापासून तो पुन्हा पाळावा.

या पद्धतीबद्दल आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर एकदम घसरू शकते. त्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत.