वकट, लेंड, मूंड

ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांच्या अंगावर एखादी तरी जुनी खूण असतेच. कुणाच्या गुडघ्यावर असते, कुणाच्या कोपरावर. माझी डाव्या भुवईवर आहे, आणि ती विटीची आहे. आज त्या विटीदांडूविषयी थोडे बोलावे, आणि विशेष करून त्यातल्या मोजणीविषयी बोलावे, असा विचार आहे.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी. जत्रेत भिंगऱ्या, शिट्ट्या, रंगीत चेंडू मिळत. परंतु विटीदांडू विकत घ्यायचा असतो, असे कुणी म्हटले असते तर आम्ही त्याला वेड्यात काढले असते. बाभळीची वाळलेली फांदी आणायची, घरातला कोयता हळूच बाहेर काढायचा आणि पारावर बसून तासत राहायचे. दांडू हात-दीड हात लांब. विटी वीतभराहून कमी, मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती. हे निमुळतेपण शोभेसाठी नसते बरे का! विटी जमिनीवर टेकते ती मधल्या जाड भागावर. टोके थोडी अधांतरी राहतात. त्या अधांतरी टोकावर दांडू बसला की विटी टुणकन वर उडते. तरफेचा हा नियम शाळेत शिकण्याच्या कितीतरी आधी आम्ही हाताने शिकलो होतो. विटीचे टोक कमी तासले तर ती उडत नाही, जास्त तासले तर पहिल्याच टोल्याला मोडते, हेही कुणी सांगावे लागले नाही.

खेळ सर्वांना ठाऊकच आहे. जमिनीत लहानशी गल खणायची, तिच्यावर विटी आडवी ठेवून दांडूने कोलायची. समोरच्यांनी झेलली तर डाव गेला. डाव टिकला, तर विटीला टोला मारायचा आणि ती जिथे पडेल तिथून गलीपर्यंतचे अंतर दांडूने मोजायचे. ही मोजणी एक, दोन, तीन अशी नव्हे. आमच्याकडे ती अशी होती : वकट, लेंड, मूंड, नाल, आर, डोळा, झक्कू. सात झाले की पुन्हा वकट. मोजणी ज्या शब्दावर संपेल, त्या शब्दाप्रमाणे पुढचा टोला. वकट आले तर विटी पायाच्या चवड्यावर ठेवून उडवायची, मूंड आले तर मुठीवर ठेवायची. डोळा आला तर मान मागे टाकून चक्क डोळ्यावर ठेवायची! गावोगावी यात थोडाफार फरक असतो, पण तऱ्हा हीच.

शिक्षकबंधूंनी इथे जरा थांबावे. विटी 23 दांडू लांब पडली आहे असे समजा. सात त्रिक एकवीस, बाकी दोन, म्हणजे लेंड. 28 दांडू असेल तर सातने पुरा भाग जातो, म्हणजे झक्कू. भागाकारातली बाकी म्हणजे काय, हे फळ्यावर समजावताना घाम फुटतो. इथे ती बाकी पुढचा टोला कसा मारायचा ते ठरवते, म्हणून मुलांना ती चटकन कळते.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी मी हा विषय घेतला.

मी चौथीत होतो. साल 1989 असेल. गावाबाहेर रस्त्याचे काम निघाले आणि खडी फोडणाऱ्या लोकांचा तळ माळावर पडला. त्यांतला एक मुलगा आमच्या वर्गात येऊन बसू लागला. अंगाने किरकोळ, हाताला दगडाचे घट्टे. मराठी त्याला तोडकीमोडकी येई. आम्ही त्याला खेळायला घेत नसू. का घेत नसू, याला कारण असे काही नव्हते. मोठी माणसे त्या तळापासून जशी चार हात दूर राहत, तसेच आम्हीही राहत होतो.

एक दिवस बाईंनी त्याला उभे केले आणि समोरचे खडू मोजायला सांगितले. तो गोंधळला. मग खाली पाहत हळूहळू आपल्या भाषेत म्हणू लागला, ‘‘वकटि, रेंडु, मूडु, नालुगु...’’

वर्ग खो-खो हसला. मागून कुणीतरी ओरडले, ‘‘बाई, ह्यो तर इटीदांडू खेळतोय!’’ मीही हसलो. खोटे कशाला सांगू? त्या मुलाचा चेहरा एवढासा झाला. तो मटकन खाली बसला.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘हसता कशाला रे? तो त्याच्या घरची भाषा बोलतोय. काल पारापाशी तुम्ही कुणाची बोलत होता?’’

कुणालाच उत्तर देता आले नाही. मग बाईंनी फळ्यावर दोन रांगा लिहिल्या. एका रांगेत तेलुगू आकडे : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. दुसऱ्या रांगेत आमचे : वकट, लेंड, मूंड, नाल. पाच म्हणजे तेलुगूत ऐदु. तो आमच्या खेळात कुठेतरी गळाला. सहा म्हणजे आरु. तो एक घर पुढे सरकून आमचा पाचवा ‘आर’ झाला. तेलुगूत सातला एडु म्हणतात, तोही आमच्याकडे नाही. डोळा मात्र आपला मराठी. ज्यांनी तेलुगू मुलूख कधी पाहिला नव्हता, ती कृष्णाकाठची पोरे बापजाद्यांपासून तेलुगूत मोजत होती, आणि त्याच भाषेत मोजणाऱ्या पोराला हसत होती.

त्या संध्याकाळी आम्ही त्याला बोलावले. तो आला, आणि मोजणीचे काम आपोआप त्याच्याकडे गेले. भांडण झाले की आम्ही म्हणायचो, ‘‘त्याला इचारा, त्याच्या घरचंच हाय ते!’’ महिना-दीड महिना तो आमच्यात खेळला. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरली तेव्हा रस्ता पुरा झाला होता आणि माळावर काळ्या पडलेल्या चुलींचे दगड तेवढे उरले होते. आधीचे चार महिने आपण त्याला बाहेर उभे ठेवले, ते मला अजून लागून राहिले आहे.

पुढे मी भाषा शिकवू लागलो. शब्द एका बोलीतून दुसऱ्या बोलीत कसे जातात हे सांगताना पुस्तकातले दाखले देतोच; पण आधी विटीदांडू सांगतो. शेजारधर्माने आलेले शब्द मोठ्यांच्या व्यवहारात पुष्कळदा बदलतात. मुले मात्र खेळाचे शब्द ऐकले तसे पुढच्या मुलांच्या हाती देतात, कारण मोजणी चुकली की डाव जातो. हाच खेळ हिंदीत गिल्ली-डंडा, कन्नडात चिन्नी-दांडू. दांडू तर दोन्हीकडे ओळखू येतो.

शिक्षकांना एक विनंती आहे. ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या, खडीच्या कामावर आलेल्या आईबापांची मुले आजही हंगामापुरती आपल्या वर्गात येतात. त्यांना पहिल्याच दिवशी पाढे म्हणायला लावू नका. त्यांच्या गावी काय खेळतात आणि कसे मोजतात, ते विचारा. त्यांच्याकडून वर्गाला एक खेळ शिकू द्या. विटीदांडूही जरूर खेळवा. मात्र विटीची टोके बोथट ठेवा, बाकीच्या मुलांना लांब उभे करा, आणि डोळ्याचा टोला कपाळाजवळही नको, तळहातावरून मारायला लावा. माझ्या भुवईची खूण एका बोटाने खाली असती, तर हे कागद आज मला एकाच डोळ्याने वाचावे लागले असते.