नवी मुंबईला विमानतळ आले, मुलगी कधी येणार?

25 डिसेंबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली, त्या दिवशी महापेतील आमच्या ओळखीच्या एका घरात मिठाई वाटली गेली. वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात फोरमन. मुलगी आमची जुनी विद्यार्थिनी. गावची जमीन विकून आणि बँकेचे कर्ज काढून घरच्यांनी तिला पायलट केले. आज ती एका छोट्या विमान कंपनीत एटीआर विमानावर को-पायलट आहे. नेमणूक मात्र दक्षिणेतल्या एका शहरात. मिठाईचा डबा पुढे करत तिच्या अम्मीने आम्हाला विचारले, "सर, आता घराजवळ विमानतळ झाला. तिची बदली इथे होईल ना?"

आम्ही "इन्शाअल्लाह" म्हणालो खरे, पण नंतर मुलीशी फोनवर बोललो तेव्हा कळले की उत्तर इतके सोपे नाही. आज आपल्या घरांतली अनेक मुले-मुली पायलट होण्याचे स्वप्न पाहतात. प्रशिक्षणाच्या खर्चाची चौकशी सगळे करतात. नोकरी लागल्यावर मूल कुठे राहील, कधी झोपेल आणि ईदला घरी असेल की नाही, याची चौकशी फारसे कोणी करत नाही. या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी एका यादीवर ठरतात. ती म्हणजे ज्येष्ठता यादी.

वस्तीची गाडी आणि बेस

पायलटच्या नोकरीत 'बेस' म्हणजे त्याची ड्यूटी जिथून सुरू होते आणि जिथे संपते ते शहर. एसटीचे उदाहरण घ्या. गाडी सगळ्या गावांना जाते, पण ड्रायव्हर एका आगाराचा असतो. विमान कंपनीचेही तसेच. एखाद्या विमानतळावर कंपनीचे विमान येते-जाते, एवढ्याने तिथे बेस होत नाही. विमाने रात्री जिथे मुक्कामाला असतात आणि सकाळी जिथून निघतात, तिथेच सहसा बेस असतो.

त्यातही विमानाचा प्रकार महत्त्वाचा. एटीआर चालवणाऱ्याला उद्या एअरबस चालवायला देत नाहीत. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि वेगळी परीक्षा असते. म्हणून मुलीच्या कंपनीने नवी मुंबईत एटीआर मुक्कामी ठेवली तरच तिच्यासाठी इथे जागा निर्माण होईल. लहान कंपन्यांची विमाने मोजकी आणि बेसही मोजके. गोव्याची फ्लाय 91 मार्च 2024 पासून एटीआर उडवते, तिचे मुख्य ठाणे मोपा. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर जानेवारी 2019 मध्ये सुरू झाली, तिचे मुख्य ठाणे बंगळूर. कंपनी आपल्या मातीतली असली तरी नोकरी आपल्या गावात मिळेलच असे नाही.

आणि समजा बेस उघडला, पाच जागा निघाल्या आणि वीस जणांनी अर्ज केले, तर? ज्येष्ठता पाळणाऱ्या कंपनीत यादीत वर असलेल्या पाच जणांना जागा मिळते. बाकीचे पुढच्या वेळेची वाट पाहतात.

आम्हा शिक्षकांना ही यादी ठाऊक आहे

खाजगी अनुदानित शाळेत नोकरी केलेल्यांना ज्येष्ठता यादी समजावून सांगावी लागत नाही. 1981 च्या नियमावलीतील अनुसूची 'फ' हा स्टाफरूममधला कायमचा विषय. पदोन्नती कोणाची, मुख्याध्यापक कोण होणार, पटसंख्या घटली तर अतिरिक्त कोण ठरणार, सारे त्या यादीवर. पायलटची यादीही मुख्यतः रुजू झाल्याच्या तारखेवर चालते. फरक एवढाच की आपल्याकडे यादीची गरज वर्षातून एकदोनदा पडते, त्यांना ती दर महिन्याला भिडते.

अमेरिकेतील प्रादेशिक विमान कंपन्यांत ही पद्धत सर्वांत स्पष्ट दिसते. तिथे पुढच्या महिन्याच्या ड्यूट्यांसाठी पायलट आपली पसंती नोंदवतात. यादीतल्या पहिल्या क्रमांकाला आधी निवड, मग दुसऱ्याला. शनिवार-रविवारची सुट्टी आणि दिवसाची उड्डाणे वरच्यांना मिळतात. शेवटच्यांच्या वाट्याला पहाटेची ड्यूटी, सणाचा दिवस किंवा राखीव ड्यूटी येते. राखीव म्हणजे तयार राहायचे, फोन आला की निघायचे. भारतात बहुतेक ठिकाणी ड्यूट्यांचे वेळापत्रक, म्हणजे रोस्टर, कंपनीच संगणकावर तयार करते. तरी बेसची विनंती, रजा आणि कॅप्टनपदाची पाळी यांत ज्येष्ठता डोकावतेच.

बढतीतही एक गंमत आहे. अनुभवाचे तास भरून आणि परीक्षा देऊन को-पायलट कॅप्टन होतो. पण त्या दिवशी तो को-पायलटांच्या यादीतला सर्वांत वरचा राहत नाही, कॅप्टनांच्या यादीतला सर्वांत खालचा होतो. पगार वाढतो, पण बेस आणि सुट्ट्या हातच्या जाऊ शकतात. म्हणून अमेरिकेत काही जण घरची सोय पाहून बढती पुढे ढकलतात. आपल्याकडे नात्यात असे कोणी केले तर "कॅप्टन का नाही झाला?" असे विचारण्याआधी हे लक्षात घ्यावे.

क्रमांक सोबत नेता येत नाही

या यादीची कठोर बाजू म्हणजे क्रमांक त्या कंपनीपुरताच असतो. 17 एप्रिल 2019 रोजी जेट एअरवेज बंद पडली. वीस-वीस वर्षे नोकरी केलेल्यांचा अनुभव त्यांच्याकडे राहिला, पण क्रमांक कंपनीबरोबर गेला. दुसरीकडे कॅप्टन म्हणून घेतले तरी नव्या यादीत नाव खालीच लागते.

दोन कंपन्या एक झाल्या तरी पेच पडतो. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले. मग ड्रीमलायनर या नव्या विमानाचे प्रशिक्षण आधी कोणाला, बढती कोणाला, यावरून तेढ वाढली. 2012 मध्ये मुंबईत जोर असलेल्या पायलट संघटनेचा संप 58 दिवस चालला. वाद पगाराइतकाच रांगेतल्या जागेचा होता.

सर्वांत खालच्याची झोप

12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळले. विमानातले 49 आणि जमिनीवरचा एक असे 50 जण मृत्युमुखी पडले. चौकशीत चूक कॅप्टनच्या हाताळणीची ठरली. पण आणखी एक गोष्ट उजेडात आली. दोघांचा बेस न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला होता आणि दोघेही तिथे राहत नव्हते. 24 वर्षांची को-पायलट देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलजवळ आई-वडिलांकडे राहत होती. ती रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करून ड्यूटीवर आली होती. थकव्याचा दोघांवर परिणाम झाला असावा, असे चौकशी मंडळाने नोंदवले. तुटपुंजा पगार आणि लांबचा बेस यांची चर्चा त्यानंतर तिथल्या संसदेपर्यंत गेली.

म्हणून विश्रांतीचा नियम ज्येष्ठतेवर सोडलेला नाही, तो सर्वांना सारखा असतो. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 1 जुलै 2025 पासून आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली. 1 नोव्हेंबरपासून रात्रीच्या उड्डाणांवरची बंधने कडक केली. डिसेंबरच्या सुरुवातीला पायलटांचे नियोजन कोलमडून इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि सरकारला काही अटी तात्पुरत्या शिथिल कराव्या लागल्या. प्रवासी म्हणून आपणही तेव्हा चिडलो. पण ते नियम म्हणजे कॉकपिटमधल्या सर्वांत नव्या माणसाची झोप आहे, हे विसरून चालणार नाही.

ईदचा चंद्र आणि रोस्टर

मुलीने सांगितलेली एक अडचण आम्हाला आधी सुचलीच नव्हती. रजेचा अर्ज कितीतरी आधी द्यावा लागतो आणि ईद ठरते आदल्या रात्री. एका दिवसाची रजा मागितली आणि चंद्र दिसला नाही तर रजा वाया. दोन दिवस मागितले तर सणाच्या गर्दीत मिळणे कठीण. मग ती दिवाळीला सहकाऱ्याची ड्यूटी करते आणि तो ईदला तिची. यादी जिथे मदत करत नाही, तिथे माणसे करतात.

मग ही यादी वाईट का? आम्हाला तसे वाटत नाही. खाली असताना ती जाचते, हे खरे. पण तारीख कोणाचे आडनाव विचारत नाही, ओळखपाळख पाहत नाही. साहेबाच्या मर्जीपेक्षा भिंतीवर लावलेली यादी बरी, हे आपल्या समाजातल्या नोकरदारांना वेगळे सांगायला नको. अट एकच, ती यादी खरोखर पाळली गेली पाहिजे.

पालकांनी काय विचारावे

मुलाला नोकरीचे पत्र आले की पगारासोबत इतकेही विचारा. कंपनीचे बेस कोणते? बेस बदलण्याची विनंती कोणत्या क्रमाने पाहतात? करार किती वर्षांचा आहे आणि आधी सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल? कंपनीकडे नवी विमाने येणार आहेत का? विमाने वाढली की यादी भराभर सरकते. नाही तर 65 व्या वर्षी कोणीतरी निवृत्त होण्याची वाट पाहावी लागते. आणि दोन ठिकाणी नोकरी मिळत असेल तर निवड विचारपूर्वक करा. उगाच कंपन्या बदलल्या की दर वेळी रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते.

निकाहाची बोलणी करतानाही हे मोकळेपणाने सांगावे. पहिली काही वर्षे घर एका शहरात आणि नोकरी दुसऱ्या शहरात असू शकते.

हे सगळे आम्ही त्या अम्मीला समजावले. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिच्या वरचे लोक पुढे सरकल्याशिवाय ती येणार नाही." आम्ही म्हणालो, "हो भाभी. पण दर वर्षी तिच्या खालीही नवी नावे येतात." आता त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मुलीचे रोस्टर हिरव्या पेनाने लिहिलेले असते. मुलगी रात्रीच्या ड्यूटीवरून आली असेल तर दुपारपर्यंत कोणी फोन करत नाही. आणि येत्या ईदला मुलीची वाट न पाहता अम्मी-अब्बाच तिच्याकडे जाणार आहेत. चंद्राचा भरवसा नाही म्हणून तीन दिवस आधीचे रेल्वेचे तिकीट काढले आहे.