जातीतली सोयरीक आणि पुढच्या पिढीचं भलं

‘जातीत सोयरीक करा, पोरांचं पुढे अडत नाही.’ रत्नागिरीकडे लग्नाची बोलणी निघाली की हे ऐकावं लागतंच. शिकलीसवरलेली माणसंही ते बिनदिक्कत सांगतात, म्हणून जरा सविस्तर.

एके काळी यात तथ्य होतं. कोकणातला मुलगा बोटीने मुंबईत उतरायचा, तो गाववाल्यांच्या खोलीवर वळकटी टाकायचा आणि मामा नाहीतर मेहुणा त्याला गिरणीत चिकटवायचा. जातीतल्या लग्नांनी ही साखळी घट्ट राहायची. पण 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. शब्द टाकणारा मामा राहिला, नोकरी राहिली नाही.

याहून गंभीर गोष्ट कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवली. दादरच्या शाळांमधल्या मराठी मुलांचा त्यांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. कष्टकरी जातींतले मुलगे मराठी माध्यमाकडे वळवले जात होते, कारण जातभाईंच्या ओळखीने मिळणाऱ्या कामाला इंग्रजी लागत नव्हतं. मुलींसाठी अशी ओळखच नव्हती. 1990 नंतर इंग्रजीला भाव आला, तेव्हा या मुलींनी वरच्या जातींतल्या मुलींशी असलेलं अंतर कमी केलं. त्यांचे भाऊ मागे राहिले. ज्या साखळीला आपण आधार म्हणतो, तिनेच मुलग्यांचे पाय बांधले! एवढं समोर असताना तेच ते किती वर्षं घोकायचं? जातीबाहेर लग्न केलं की आपोआप बरकत येते, असं कोणी म्हणत नाही. पण जात जुळली म्हणून पुढची पिढी वर येते, हे आता सोडा.

आणखी काही समज:

‘जिल्ह्यात मुली जास्त, मुलग्यांची लग्नं सहज होतात.’ 2011 च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया दिसतात, त्या पुरुष नोकरीसाठी बाहेर असल्यामुळे. सहा वर्षांपर्यंतच्या वयात मुलीच कमी आहेत.

‘आंतरजातीय लग्नं आता सर्रास होतात.’ 2011-12 च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशभरात ती जेमतेम 5 टक्के होती.

‘लग्नात खर्च केला, मुलीचा वाटा फिटला.’ साफ चूक. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तो पक्का केला. हक्कसोडपत्रावर सही घेण्याआधी हे तिला सांगा.

स्थळ पाहताना जातीआधी विचारा: मुलगी पुढे शिकेल का, कमावेल का, तिच्या नावावर काही राहील का? तिच्या मुलांचं भलं या उत्तरांवर जास्त अवलंबून आहे.