अवयवदानाचा निर्णय: होकार असो वा नकार, घरच्यांना माहीत हवा

३ ऑगस्ट हा आपल्या देशात भारतीय अवयवदान दिवस म्हणून पाळला जातो. १९९४ साली याच तारखेला दिल्लीच्या एम्समध्ये देशातली पहिली यशस्वी हृदय प्रत्यारोपण शस्त्रक्रिया झाली होती. त्या सुमारास शाळेत फलक रंगवले जातात, शपथ घेतली जाते, एखादी फेरी निघते. आणि फेरीहून परतलं की नववी-दहावीतला एखादा मुलगा हळूच विचारतो, "सर, अपने में चलता क्या ये?" आम्ही शिक्षक मंडळी बहुतेक वेळा म्हणतो, घरी विचार. आता घरी हा विषय कधी निघालेलाच नसतो, हे आम्हालाही माहीत असतं.

या लेखात आम्ही 'चलता' की 'नहीं चलता' याचा फतवा देणार नाही. तो आमचा अधिकार नाही. पण निर्णय कशाकशाचा करायचा असतो, विचारणा नेमकी कोणाला आणि केव्हा होते, हे समजावून सांगणं शिक्षकाचं काम आहे. तेवढं करू.

सुरुवात कायद्यापासून. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा, त्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि नवे नियम २०१४ मध्ये आले. अठरा वर्षांवरच्या कोणालाही आपल्या मृत्यूनंतर अवयव द्यावेत असं लिहून ठेवता येतं. त्यासाठी नमुना ७ नावाचा अर्ज आहे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्यातला एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. म्हणजे गुपचूप अर्ज भरून खिशात कार्ड ठेवण्याची कल्पना कायद्यालाच मान्य नाही. घरातलं एक माणूस तरी साक्षीला हवं.

तरीही खरी गोष्ट पुढेच आहे. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा रुग्णालयातला समन्वयक घरच्यांसमोर बसतो आणि त्यांच्या सहीसाठी वेगळा अर्ज पुढे करतो. नवरा किंवा बायको, मुलगा-मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण, आजी-आजोबा, नातवंडं हे कायद्याने जवळचे नातेवाईक. त्यांनी 'नको' म्हटलं तर आपल्याकडे रुग्णालय पुढे जात नाही, मग तुम्ही कितीही सुंदर अक्षरात अर्ज भरलेला असो. म्हणून तुमच्या अर्जाचं वजन शेवटी तुम्ही घरात काय बोलून ठेवलंय त्यावर ठरतं.

आणि ती वेळ कशी असते? हे नीट समजून घ्यायला हवं, कारण घरच्यांची सगळी घालमेल इथेच असते. मृत्यूनंतर दिले जाणारे हृदय, यकृत, मूत्रपिंडं, फुप्फुसं हे अवयव आपल्याकडे जवळपास नेहमी मेंदूमृत व्यक्तीकडूनच मिळतात. डोक्याला जबर मार लागला, मेंदूत रक्तस्राव झाला, की कवटीच्या आत सूज वाढते आणि मेंदूचा देठ, ज्यातून श्वासाचा हुकूम सुटतो, तो कायमचा बंद पडतो. व्हेंटिलेटर छातीत हवा भरत राहतो. हृदयाला स्वतःची लय असते, त्यामुळे प्राणवायू मिळतोय तोवर ते काही काळ धडधडत राहतं. अंग गरम असतं, छाती वर-खाली होत असते. आणि डॉक्टर सांगतात, मृत्यू झालाय. "सांस चल रही है ना डॉक्टरसाब, फिर मय्यत कैसे?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. डोळ्यांना जे दिसतं तेच तो विचारतो.

कोमा आणि मेंदूमृत्यू यांत इथेच गल्लत होते. कोमातल्या माणसाचा मेंदू जखमी असतो, पण जिवंत असतो, तो शुद्धीवर येऊ शकतो. मेंदूचा देठ मेल्यावर परत येणं नाही. त्याची खात्री एकटा डॉक्टर करू शकत नाही. चार डॉक्टरांचं मंडळ असतं, त्यात उपचार करणारे डॉक्टर, रुग्णालयाचे प्रमुख आणि मान्यताप्राप्त यादीतले तज्ज्ञ असतात. डोळ्यांच्या बाहुल्यांवर प्रकाश टाकून, घशाला स्पर्श करून, व्हेंटिलेटर थोडा वेळ काढून स्वतःचा श्वास येतो का हे बघून तपासण्या होतात. किमान सहा तासांनी त्या सगळ्या पुन्हा होतात. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कोणीही या मंडळात बसू शकत नाही. 'अवयवांसाठी लवकर मेला म्हणतील' ही भीती मोहल्ल्यात सर्रास ऐकू येते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

घरच्यांकडून पैसे घेतले जात नाहीत. संमती दिल्यानंतर शरीर सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च त्यांच्यावर टाकायचा नाही, असं नियमांतच आहे. त्यांना पैसे मिळतही नाहीत. अवयवांचा व्यवहार केला तर पाच ते दहा वर्षांची कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे.

आता आपल्या घरांत हमखास होणारा एक घोटाळा. अवयवदान म्हणजे देहदान नव्हे! मराठीत दोन्ही शब्द जोडीने वापरले जातात, पोस्टरवरही शेजारी-शेजारी छापतात, आणि आमची अम्मी-खाला मंडळी समजतात की मय्यत परत मिळणार नाही, गुस्ल नाही, जनाजा नाही, कब्र नाही. देहदानात शरीर वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी जातं, हे खरं. अवयवदानात मात्र शस्त्रक्रियेने अवयव काढून, टाके घालून शरीर घरच्यांच्या स्वाधीन केलं जातं. गुस्ल होतो, कफन होतो, दफन होतं. आमच्या अनुभवात निम्मा विरोध हा फरक सांगितल्यावरच मावळतो.

उशीर मात्र होतो, तोही लपवू नये. दुसरी तपासणी, कागदपत्रं, कोणता अवयव कोणाला जाणार याची जुळवणी, बाहेरगावचा चमू, यात बरेच तास जातात, कधी एक दिवसही. दफन लवकर करावं ही आपली शिकवण, त्यामुळे नमाज-ए-जनाजाची वेळ आधीच जाहीर करून बसलेल्या घरात यावरून तंटा होतो. अपघाताच्या बाबतीत पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन तसंही टळत नाही, अवयव दिले किंवा नाही दिले तरी.

मुख्य प्रश्न दीनचा. इथे उलमांमध्ये मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक मतभेद आहेत. विरोधात असलेले म्हणतात, शरीर ही अल्लाहची अमानत आहे, आपण तिचे मालक नाही, आणि मय्यतीची हुरमत जिवंत माणसाइतकीच राखायची आहे. मृताच्या हाडाविषयीची हदीस ते पुढे ठेवतात. परवानगी देणारे सूरह माइदाच्या ३२ व्या आयतीकडे आणि जीव वाचवण्याच्या जरूरतीकडे बोट दाखवतात. सौदी अरबच्या वरिष्ठ उलमांच्या परिषदेने १९८२ मध्ये परवानगीच्या बाजूने निर्णय दिला. इस्लामी देशांच्या संघटनेशी जोडलेल्या जेद्दाच्या फिकह अकादमीने १९८६ च्या अम्मान बैठकीत मेंदूचं काम कायमचं थांबणं हा मृत्यू मानला, आणि १९८८ मध्ये मृत व्यक्तीचा अवयव गरजूला देणं अटींसह जायज ठरवलं: मृताने किंवा वारसांनी इजाजत दिलेली असावी आणि विक्री नसावी. इराणमध्ये २००० साली यासाठी कायदाच झाला.

आपल्या देशात चित्र वेगळं आहे. इस्लामिक फिकह अकादमीच्या १९८९ च्या दिल्लीतल्या पहिल्या परिसंवादात जवळच्या आजारी नातेवाईकाला जिवंतपणी एक मूत्रपिंड मोबदल्याशिवाय देणं अटींवर मान्य झालं, पण मरणोत्तर अवयव देण्याची वसीयत ही शरीअतच्या अर्थाने वसीयत नाही, असं ठरलं. देवबंदी परंपरेतल्या अनेक मुफ्तींचा सूर मनाईचाच राहिला आहे. तुमच्या मशिदीतले मौलाना 'नाही' म्हणाले तर ते मनाचं बोलत नाहीत, आणि तुमचा सौदीत नोकरी केलेला भाऊ 'हो' म्हणाला तर तोही मनाचं बोलत नाही.

आमची सूचना एवढीच, की प्रश्न तुकडे करून विचारा. 'अवयवदान जायज आहे का?' असं विचारलं की उत्तर बहुधा एका शब्दात मिळतं. त्याऐवजी विचारा: मेंदूमृत्यूला तुम्ही मृत्यू मानता का? डोळ्यांची कॉर्निया आणि हृदय यांचा हुकूम एकच आहे का? भावाला मूत्रपिंड देणं कसं? मी लिहून ठेवलं नाही तर वारस इजाजत देऊ शकतात का? एकेका प्रश्नाला वेगळं उत्तर येऊ शकतं. आणि हे शांत वेळी विचारा. रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागाच्या बाहेरून मुफ्ती साहेबांना फोन लावून, बाजूला रडारड चालू असताना विचारलेल्या मसल्याचं उत्तर देणाऱ्यालाही जड जातं. एक अप्रिय प्रश्न स्वतःलाही विचारावा: उद्या माझ्या मुलाला मूत्रपिंड लागलं तर अनोळखी माणसाचं घेईन का? घ्यायचं जायज आणि द्यायचं नाजायज, ही सोयीची वाट आम्हाला पटत नाही.

पाकिस्तानातले समाजसेवक अब्दुल सत्तार ईधी यांचं उदाहरण उर्दू वाचणाऱ्या घरांत ठाऊक असेल. आपल्या गुजरातच्या बांटव्यात जन्मलेले ईधी साहेब २०१६ मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने गेले. अवयव द्यावेत ही त्यांची इच्छा जाहीर होती. आजाराने शरीर खंगलेलं, त्यामुळे फक्त कॉर्निया उपयोगी पडल्या. नमाज-ए-जनाजा झाला आणि स्वतः निवडलेल्या जागी ते दफन झाले.

कॉर्नियाचं वैशिष्ट्य असं की त्यासाठी व्हेंटिलेटर लागत नाही, मेंदूमृत्यूचा वादही येत नाही. घरी, अंथरुणावर, हृदय बंद पडून गेलेल्या आजोबांचेही डोळे देता येतात. सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवायचं, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद, डोक्याखाली उशी. पंधरा-वीस मिनिटांचं काम, चेहरा बिघडत नाही, जनाजाही अडत नाही. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तरी चालतं.

जिवंत दात्याचा विषय वेगळा, पण एक निरीक्षण नोंदवतो. देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. आई देते, बीवी देते, बहीण देते. मायेने देतात हे खरं, पण 'अब्बाची कमाई बंद झाली तर घर कसं चालेल' हे वाक्यही त्या निर्णयामागे असतं. सुनेला 'तू देतेस ना?' असं सगळ्यांसमोर विचारणं म्हणजे नकाराची जागाच न ठेवणं. तिला एकटीने डॉक्टरांशी बोलू द्यावं.

आता घरी सांगायचं कसं? आमच्या एका सहकाऱ्याने जेवताना विषय काढला, तर अम्मीने ताट सरकवलं. "ऐसी बाताँ मुँह से नको निकाल!" महिनाभर कोणी काही बोललं नाही. मग शेजारच्या मोहल्ल्यात एका तरुणाचा मोटारसायकल अपघात झाला, आणि अम्मीच विचारू लागली की त्याच्या घरच्यांना काय विचारलं असेल. तेव्हा त्याने सगळं सांगितलं. अम्मीचं उत्तर होतं, आँखें चलते, दिल नको. तिच्यापुरता तो पूर्ण निर्णय आहे, आणि आता घरात चौघांना तो माहीत आहे. नमुना ७ मध्येही कोणते अवयव हे निवडून लिहिता येतं, सगळं किंवा काहीच नाही असं बंधन नाही.

ज्याला विचारलं जाणार त्याला सांगा. आपल्याकडे सही बीवीची असली तरी शब्द बड्या भाईजानचा किंवा मामूंचा चालतो, म्हणून त्यांच्या कानावरही घाला. 'नको' असं ठरलं असेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांगा, म्हणजे समन्वयकाने विचारल्यावर घरच्यांना 'त्यांची मर्जी नव्हती' असं निःसंकोच म्हणता येईल. नाहीतर होकार दिला तर 'चूक केली का', नकार दिला तर 'कोणाचा जीव गेला असेल का', हे बोचणं वर्षानुवर्षं राहतं.

नोंदणी नोटो या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांकाने होते, फुकट होते, आणि मन बदललं तर मागेही घेता येते. त्यांचा टोल-फ्री क्रमांक १८००-११-४७७० आहे. मुंबईत केईएम रुग्णालयात विभागीय कार्यालय आहे. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे प्रत्यारोपण समन्वय समित्या आहेत. अर्जाची एक प्रत घरातल्या रेशनकार्ड-आधारच्या पिशवीत ठेवा. बँकेच्या लॉकरमध्ये वसीयतीसोबत ठेवू नका. लॉकर उघडेपर्यंत दफन होऊन गेलेलं असतं.