उणे दोनच्या खाली किती मुलं?

समजा, भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरच्या अंगणवाडीत तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाची उंची 88.7 सेंमी भरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांत या वयाच्या मुलग्यांची मध्यक उंची 96.1 सेंमी आणि प्रमाण विचलन सुमारे 3.7 सेंमी आहे. मोजलेल्या उंचीतून 96.1 वजा करून 3.7 ने भागलं की झेड-स्कोअर मिळतो, इथे उणे 2. प्रसामान्य वितरणाच्या कोष्टकात त्याखालचं क्षेत्रफळ 0.0228 आहे. म्हणजे निकोप वाढणाऱ्या शंभर मुलांतही दोन-तीन इतकी खुजी असतातच.

म्हणून एकट्या मुलावर हा आकडा निकाल देत नाही. कदाचित आईवडीलच ठेंगणे असतील. लोकसंख्येबद्दल मात्र तो ठामपणे बोलतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं या रेषेखाली होती, अपेक्षेच्या पंधरा पट! इतका फरक योगायोगाने पडत नाही. ‘आपली मुलं मुळातच लहान चणीची’ हा आक्षेप इथे टिकत नाही. मानकांसाठी सहा देशांत मुलं मोजली, त्यांत दिल्लीतलीही होती. स्तनपान आणि पुरेसं अन्न मिळालेली ती मुलं नॉर्वेतल्या मुलांच्या जवळपास बरोबरीने वाढली. वजनाला मात्र हे साधं सूत्र लावू नये. त्याचं वितरण जड बाजूला लांबलेलं असतं, त्यामुळे तिथे मानकांची तयार कोष्टकंच वापरावीत.