आवाज कसला?

दिवाळीच्या तोंडावर घर झाडावे, डबे घासावे आणि दारात मोटार असेल तर ती एकदा गॅरेजात नेऊन तपासून आणावी, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. मोटार म्हणजे फार मोठे प्रकरण नव्हे. प्राध्यापकाच्या पगाराला झेपेल अशी, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी सोळा वर्षांची गाडी. पण यंदा तिच्यावर एक जोखमीचे काम येऊन पडले होते. माझ्या आईचे माहेर कणकवलीकडचे. दर भाऊबीजेला मामा कोल्हापूरला यायचे. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. "तो येत नाही तर मी जाते," असे आईने जाहीर करून टाकले. तिचे वय अठ्ठ्याहत्तर, मामांचे ब्याऐंशी. या वयात 'पुढच्या वर्षी बघू' असे म्हणण्याचा धीर कोणाला होत नाही.

वाट गगनबावड्यावरून, करूळचा घाट उतरून वैभववाडी आणि तिथून पुढे. घाट म्हटला की गाडी धडधाकट हवी. म्हणून मी ती सर्व्हिसिंगला दिली. तेल बदलले, तेलाचा आणि हवेचा फिल्टर बदलला, चारही प्लग काढून नवे घातले. गाडी न्हाऊनमाखून घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करतो तो काय, इंजिनातून एक नवाच आवाज! देताना नव्हता, घेऊन आल्यावर आहे. दुखणे नसलेला माणूस तपासणीला जावा आणि खोकत परत यावा, तशातली गत.

मी गॅरेजवाल्यांना फोन केला. "गाडी टकटक वाजतेय," असे सांगितले. दिवाळीची गर्दी होती. एकीकडे पत्रा ठोकला जात होता, दुसरीकडे हवेचा पंप ओरडत होता. त्या कोलाहलात तिथल्या मुख्य कारागिरांनी मिनिटभर इंजिन ऐकले, माझा 'टकटक' हा शब्द पुन्हा एकदा माझ्याच तोंडून वदवून घेतला आणि निदान केले : व्हॉल्व्हचे काम. हेड उघडावे लागेल. खर्च अठरा हजार, आणि तेही दिवाळीनंतर.

घरी आलो. आमच्या सौ.नी फराळाच्या डब्यांवरची झाकणे एकदा उघडून पुन्हा लावली. ह्याचा अर्थ बारा वर्षे संसार केलेल्या कोणत्याही गृहस्थाला कळतो. आई काही बोलली नाही. मी पुन्हा एकदा गाडी सुरू केली तेव्हा मात्र ती ओसरीवरून म्हणाली, "अरे, टकटक कुठली? हे तर फुसफुसतंय. कुकरची रिंग नीट बसली नाही की होतं ना, तसं."

"आई, हे इंजिन आहे," मी म्हणालो. मराठीचा प्राध्यापक आईला आणखी काय सांगणार!

शेजाऱ्यांनी शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींचे दुकान सांगितले. वाचकहो, कोल्हापूर म्हटले की आपल्याला कुस्ती, चपला आणि तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. पण याच गावाने लेथ आणि ओतकामाच्या जोरावर शेतकऱ्याच्या पंपासाठी ऑईल इंजिने घडवली, हे आपण सहसा लक्षात ठेवीत नाही. पुढे शिरोली, गोकुळ शिरगावला मोठ्या वसाहती झाल्या आणि इथले ओतीव सुटे भाग देशभरच्या मोटारींत जाऊन बसले. उद्यमनगराच्या गल्ल्यांतून मात्र कानाने इंजिन ओळखणारी माणसे अजून भेटतात.

मिस्त्री सत्तरीकडे झुकलेले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी मलाच विचारले, "मास्तर, आवाज कसला?"

"टकटक."

"कवा? थंड इंजिनला, का गरम झाल्यावर? हुभ्या गाडीला, का चढाला? रेस दिल्यावर चालीबरुबर वाढतोय, का हाय तेवढाच ऱ्हातोय?"

तोंडी परीक्षेत गडबडलेल्या विद्यार्थ्यासारखी माझी अवस्था झाली. एकाही प्रश्नाचे उत्तर येईना. वर्गात मी अनुकरणवाचक शब्द शिकवतो. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत असल्या शब्दांचे केवढे भांडार आहे, हे मोठ्या अभिमानाने सांगतो. आणि स्वतःच्या दारातल्या गाडीसाठी मात्र पहिला हाताला लागला तो शब्द उचलून गॅरेजवाल्यांना देऊन आलो होतो. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, यात त्यांचा दोष निम्माच.

मग मिस्त्रींनी मला जे शिकवले ते असे. 'टकटक' म्हणजे हलका, कोरडा, घड्याळासारखा आवाज. तो वरून, टॅपेटकडून येतो. 'ठकठक' म्हणजे खालून, पोटातून येणारा जड ठोका. तो इंजिनावर ओझे पडले की वाढतो आणि तो ऐकला की गाडी तिथेच उभी करायची, कारण बेअरिंग गेलेले असू शकते. 'खडखड' म्हणजे सैल पत्रा. सायलेन्सरवरची उष्णतेची ढाल किंवा इंजिनाखालचे कवच काढून परत लावताना एखादा बोल्ट राहिला की ही खडखड ठराविक वेगालाच होते आणि पुढे विरते. 'किरकिर' किंवा 'चीं' म्हणजे पट्टा. 'सूं' म्हणजे हवेच्या फिल्टरचे झाकण नीट बसले नाही किंवा एखादी नळी निसटली आहे. सकाळी सुरू करताच एक-दोन सेकंद 'खर्र' होऊन थांबले तर तेलाचा फिल्टर पाहावा. चांगल्या फिल्टरात तेल मागे वाहून जाऊ नये म्हणून एक झडप असते. ती निकामी असली तर रात्रीतून तेल खाली उतरते आणि सकाळी इंजिन क्षणभर कोरडे फिरते. आणि 'फुसफुस' म्हणजे कुठून तरी दाब निसटतो आहे.

तो शब्द ऐकताच मला आईचा कुकर आठवला. मी चाचरत सांगितले, "आमची आई म्हणत होती, फुसफुसतंय म्हणून."

"मग आईंनाच आणायचं हुतं की!" मिस्त्री म्हणाले.

फ्रान्समधल्या लेनेक नावाच्या वैद्याने १८१६ साली रोग्याच्या छातीला कागदाची सुरळी लावून हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. मिस्त्रींचा स्टेथोस्कोप म्हणजे हातभर लांबीचा पेचकस. त्याचे टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला. टॅपेटच्या झाकणावर त्यांनी तो टेकवला, मान हलवली. एकेका प्लगच्या अंगाने पुढे सरकत तिसऱ्यापाशी ते थांबले. मग इंजिन बंद करून निवू दिले, साबणाचे पाणी केले, तिसऱ्या प्लगच्या बुडाशी त्याचे चार थेंब सोडले आणि मला गाडी सुरू करायला सांगितले. थेंबांतून बुडबुडे उठू लागले. प्लग पुरता आवळलेलाच नव्हता! पाना लावताच तो जवळजवळ पाऊण फेरा फिरला. बुडाशी काजळीचे कडेही धरले होते.

पण टॅपेटचा आणि सैल प्लगचा आवाज इतका सारखा का वाटावा? त्याचे उत्तर इंजिनाच्या चालीतच आहे. ऑटो नावाच्या जर्मन गृहस्थाने १८७६ साली सिद्ध केलेल्या चार टप्प्यांच्या इंजिनात दांडा दोनदा फिरतो तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो आणि प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर टॅपेट ४०० वेळा वाजतो आणि सैल प्लगही ४०० वेळाच श्वास टाकतो. ताल एकच, बोल निराळे. ताल ऐकून फसायला होते, बोल ऐकावा लागतो.

वेळीच सापडले हे बरे झाले. तसाच घाटात गेलो असतो तर दाबाने प्लगचे आटे झिजले असते. हेड ॲल्युमिनियमचे, म्हणजे मऊ धातूचे. आटे गेले की प्लग उसळून बाहेर येतो आणि मग अठरा हजारांचे भाकीत खरे व्हायला वेळ लागत नाही.

निघताना मी म्हटले, "टॅपेट थोडे वाजतातच, तेही आवळून टाका ना." मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. व्हॉल्व्हची दांडी तापली की लांबते. तिला लांबायला मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा मोकळी जागा ठेवलेली असते, आणि त्या जागेचाच तो टकटकाट. जागा अजिबात ठेवली नाही तर आवाज थांबतो खरा, पण व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, जळता वायू त्याच्या कडेने निसटतो आणि व्हॉल्व्ह करपतो. "वाजणारा टॅपेट सांगून तरी बिघडतोय. गप बसल्याला भ्या," हे त्यांचे शब्द. काही नव्या इंजिनांत ही जागा तेलाच्या दाबाने आपोआप भरून निघते. तिथे टकटक ऐकू आली तर आधी तेल कमी आहे का, की भलतेच पातळ घातले आहे, हे पाहावे.

ज्यांच्या दारात मोटार आहे त्यांच्यासाठी माझ्या फजितीचे सार सांगतो. सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीत नवा आवाज आला तर आधी ज्याला ज्याला हात लागला तेच पाहावे. काम झाल्याच्या पावतीवर ती यादी आयती असते. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी तेलाची पट्टी ओढून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे; कमी नको, तसे जास्तही नको. तेलाचा लाल दिवा लागला तर एक पाऊलही पुढे जाऊ नये. चालू इंजिनावर पदर, ओढणी, सैल बाही नेऊ नये, आणि प्लगच्या तारा उपटून पाहण्याचा पराक्रम तर मुळीच करू नये. आपले काम ऐकण्याचे. थंड असताना, गरम झाल्यावर, उभ्याने, चढावर, असे चार वेळा ऐकावे, शब्द नेमका शोधावा आणि तो कागदावर लिहून न्यावा.

मिस्त्रींनी पन्नास रुपये घेतले आणि वर चहा पाजला. घरी येऊन मी आईला सारा वृत्तांत सांगितला. तिला नवल वाटले नाही. भोगावतीच्या काठी आमचा ऊस होता तेव्हा नदीवर ऑईल इंजिन चालायचे. आई चुलीपुढे भाकरी थापता थापता ते ऐकायची. मध्येच आवाज हलका झाला की म्हणायची, "जा रे, बाबांना सांग, पंपात हवा शिरली." मी धावत जायचो तर बाबा खरोखरच पाइपाशी वाकलेले असायचे. हे मी विसरलो होतो. कान तिचा तोच होता.

भाऊबीजेला आम्ही पहाटे निघालो. गगनबावड्याला धुके होते. घाटात काचा खाली करून मी इंजिन ऐकत होतो.

"ऐकू नकोस आता," आई मागून म्हणाली. "बरं वाजतंय."

मामा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मोटार वळणावर आली तेव्हाच ते काठीवर भार देऊन उठायला लागले.