छतातले हॅलोजन काढताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२००० नंतरच्या दशकात ज्यांनी पीओपीचं फॉल्स सीलिंग करून घेतलं, अशा मुंबई-पुण्याच्या अनेक फ्लॅटमध्ये छतातले छोटे हॅलोजन स्पॉटलाइट अजून तसेच आहेत. घरातले बाकीचे दिवे केव्हाच बदलले. केंद्र सरकारची उजाला योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली. २०१४ च्या आरंभी सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला आणि ३६ कोटींहून अधिक बल्ब या योजनेतून घरोघरी पोचले. तिथे काम सोपं होतं. जुना बल्ब काढायचा, नवा लावायचा. छतातल्या स्पॉटचं तसं नाही, म्हणून ते राहून गेले. ज्यांनी बदलले त्यांच्याकडून तक्रारीही ऐकू येतात : दिवे लुकलुकतात, उजेड निळसर पडतो, वर्षाच्या आत निम्मे गेले. तक्रारी खऱ्या आहेत. पण खापर फुटतं एलईडीवर, आणि दोष बहुतेक वेळा छताच्या आत दडलेल्या जुन्या जोडणीत नाहीतर दुकानातल्या चुकीच्या निवडीत असतो.

गैरसमज : हॅलोजन उपसायचा आणि त्याच जागी एलईडी खोचायचा

आधी छतात कोणत्या जातीचा दिवा आहे ते पाहावं लागतं. घरगुती स्पॉटलाइट मुख्यतः दोन जातींचे. दोन्हींचा व्यास साधारण ५० मिलिमीटर, त्यामुळे खालून बघून फरक कळत नाही. पहिला १२ व्होल्टवर चालतो. त्याच्या पाठीला दोन बारीक, सरळ पिना असतात, त्यांच्यातलं अंतर ५.३ मिलिमीटर, आणि दिवा नुसता ओढला की हातात येतो. हा एमआर १६. त्याच्या बैठकीला जीयू ५.३ म्हणतात. दुसरा थेट २३० व्होल्टवर चालतो. त्याच्या पिना जाड, टोकाला फुगीर, अंतर १० मिलिमीटर, आणि तो थोडा फिरवून अडकवायचा असतो. हा जीयू १०. तुमच्याकडे जीयू १० असेल आणि त्या बटणावर डिमर नसेल, तर खरोखरच जुना काढून नवा लावला की काम झालं.

घोळ होतो तो १२ व्होल्टवाल्यांत. त्यांच्यासाठी छताच्या पोकळीत ट्रान्सफॉर्मर ठेवलेला असतो. बहुतेक ठिकाणी ती प्लास्टिकची एक चपटी डबी असते, म्हणजेच इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर. तिच्या लेबलावर '२० ते ६० वॅट' असं काहीतरी छापलेलं असतं आणि सगळी मेख त्या पहिल्या आकड्यात आहे. या डबीला चालू राहायला किमान काही भार लागतो. ५० वॅटचा हॅलोजन तो सहज देत होता. त्याच्या जागी ६ वॅटचा एलईडी आला की भार किमान मर्यादेच्या खाली जातो. मग डबी क्षणाक्षणाला बंद-चालू होते आणि दिवा लुकलुकतो, गुणगुणतो किंवा पेटतच नाही. शिवाय या डबीतून निघणारा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा असतो आणि एलईडीच्या पोटातल्या सर्किटला तो प्रत्येक वेळी पचतोच असं नाही. एकाच ट्रान्सफॉर्मरवर तीन-चार दिवे असतील आणि त्यांतला एक हॅलोजन तसाच ठेवला, तर बाकीचे एलईडी नीट लागतात. ते पाहून 'एलईडीच खराब होते' असा निष्कर्ष काढला जातो. खरं तर उरलेल्या एका हॅलोजनने तो किमान भार भरून काढलेला असतो.

यातून बाहेर पडायचे रस्ते तीन. ट्रान्सफॉर्मर काढून त्या जागी एलईडीसाठी बनवलेला १२ व्होल्ट डीसी ड्रायव्हर बसवता येतो. मग १२ व्होल्टचाच एलईडी चालतो. दुसरा रस्ता म्हणजे ट्रान्सफॉर्मर पूर्ण बाद करून जीयू १० चा होल्डर लावणं आणि २३० व्होल्टचा दिवा वापरणं. तिसरा, अख्खं फिटिंग बदलून स्वतःचा ड्रायव्हर असलेला एलईडी डाउनलाइट बसवणं. यात पीओपीतल्या भोकाचा व्यास आधी मोजून घ्यावा, नाहीतर नवी कड भोकापेक्षा लहान निघते आणि पीओपीवाल्याला बोलवावं लागतं. माझं मत दुसऱ्या रस्त्याच्या बाजूने आहे. दिवा वेगळा आणि फिटिंग वेगळं राहिलं, तर पाच वर्षांनी एक दिवा गेला तरी फक्त तोच बदलतो. जोडलेल्या फिटिंगमध्ये तोच आकार आणि त्याच छटेचा उजेड पुन्हा बाजारात मिळेल याची खात्री नसते.

हे काम मात्र वायरमनचंच आहे. १२ व्होल्टचा दिवा चुकून २३० वर जोडला तर तो तत्क्षणी जळतो. ट्रान्सफॉर्मरपासून होल्डरपर्यंत आलेली जुनी वायर तशीच २३० व्होल्टसाठी वापरू नये. ती वर्षानुवर्षं हॅलोजनच्या डोक्यावर भाजून निघालेली असते आणि तिचं आवरण हाताने मोडावं इतकं कडक झालेलं असू शकतं. फिटिंग धातूचं असेल तर अर्थिंग हवंच. जुना होल्डरही ठेवू नये. ५० वॅटला १२ व्होल्टवर चार अँपियरहून अधिक प्रवाह लागतो. त्या प्रवाहाने आणि उष्णतेने होल्डरच्या आतली पकड सैल पडते, काळी होते, आणि नवा दिवा त्यात नीट बसत नाही.

गैरसमज : एलईडीचा उजेड निळा, पांढराफटक असतो

तो तसा असतो, कारण आपण तसा विकत घेतो. बाजारात एलईडी साधारण २७०० ते ६५०० केल्विनपर्यंतच्या छटांत मिळतो. आकडा जितका लहान, उजेड तितका पिवळसर. हॅलोजनचा उजेड ३००० केल्विनच्या आसपासचा असतो. ट्यूबलाइटच्या सवयीमुळे आपल्याकडे दुकानदार न विचारता ६५०० चा खोका पुढे करतो आणि ग्राहकही 'पांढरा द्या' म्हणतो. मग हॅलोजनच्या उजेडात उबदार दिसणारी बैठकीची खोली एकदम दवाखान्यासारखी वाटू लागते. हॅलोजनसारखा उजेड हवा असेल तर खोक्यावर २७०० किंवा ३००० के आणि वॉर्म व्हाइट लिहिलेलं पाहून घ्यावं. स्वयंपाकाच्या ओट्यावर ४००० चांगला चालतो. एका खोलीत दोन छटा मिसळू नयेत.

छटा जुळली तरी रंग जुळतीलच असं नाही, आणि ही गोष्ट फार कमी लोक तपासतात. हॅलोजन ही तापून उजळलेली टंगस्टनची तार आहे. तिच्या उजेडात सगळे रंग सलग असतात, म्हणून रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे सीआरआय, जवळजवळ १०० असतो. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर असतो आणि दोन्ही मिळून पांढरा उजेड दिसतो. तो निळा एलईडी शक्य करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या मिश्रणात गडद लाल रंग कमी पडतो. साध्या एलईडीचा सीआरआय ८० असतो आणि तेवढ्याने जिन्यात, पॅसेजमध्ये काही बिघडत नाही. पण जेवणाच्या टेबलावर, आरशासमोर, चित्रावर किंवा कपाटासमोर ९० च्या वरचाच घ्यावा. सीआरआय काढताना फिकट रंगांचे आठच नमुने धरतात. गडद लालसाठी आर ९ हा वेगळा आकडा असतो. चांगले उत्पादक तो देतात. लाल पैठणी मातकट दिसते, चेहरे आजारी दिसतात, ते या आकड्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

गैरसमज : पाच वॅट म्हणजे पन्नास वॅट

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. उजेडाचं माप ल्युमेन. १२ व्होल्टचा ५० वॅटचा हॅलोजन स्पॉट समोरच्या झोतात साधारण ५०० ते ६०० ल्युमेन देतो. बरोबरीचा एलईडी हवा असेल तर खोक्यावर तेवढे ल्युमेन बघा, मग तो ६ वॅटचा असो की ७ चा. स्पॉटच्या बाबतीत झोताचा कोनही तितकाच महत्त्वाचा. हॅलोजनला बहुधा ३६ अंशांचा असे. तेच ल्युमेन १०० अंशांत पसरले तर भिंतीवरच्या चित्रावर पडणारा प्रकाश पार विरून जातो आणि 'एलईडीत दम नाही' असं वाटतं. उठाव हवा तिथे २४ ते ३६ अंश, खोलीभर उजेड हवा तिथे ६० किंवा जास्त.

गैरसमज : एलईडी तापत नाही

एलईडीच्या उजेडात उष्णता जवळजवळ नसते, म्हणून खाली हात धरला तर गार लागतो. उष्णता तयार होते ती त्याच्या पाठीमागे, आणि तिथून ती हवेत जावी म्हणून पन्हळींचं धातूचं किंवा जाड प्लास्टिकचं अंग दिलेलं असतं. हॅलोजनच्या तुलनेत ती फार कमी. हॅलोजन विजेतला बहुतांश भाग उष्णतेत घालवतो, आणि त्याचा चकचकीत काचेचा रिफ्लेक्टर त्यातली बरीचशी मुद्दाम मागे, म्हणजे तुमच्या फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडतो. फिटिंगभोवती पीओपी पिवळं पडलेलं दिसतं ते यामुळेच. प्लायवूड, थर्मोकोल किंवा पडदा जवळ असेल तर ती आगीलाही जागा आहे.

हॅलोजनची तार ती उष्णता सोसते. एलईडी सोसत नाही. त्याच्या ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की ढोबळ मानाने निम्मं होतं. खोक्यावरचे २५,००० तास हे मोकळ्या हवेतले असतात, आणि ते बहुधा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे मोजलेले असतात. वरच्या मजल्यावर, मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखाली, बंदिस्त खोबणीत कोंबलेला स्वस्त एलईडी वर्षात जातो त्याचं उत्तर इथे आहे. दिव्यामागे मोकळी जागा ठेवा, ड्रायव्हर दिव्याच्या अगदी डोक्यावर न ठेवता बाजूला सरकवा. पावसाळ्यात वीज कडाडते, व्होल्टेज वरखाली होतं अशा गावात सर्ज संरक्षण असलेला आणि १०० ते ३०० व्होल्टपर्यंत चालणारा दिवा घ्यावा.

गैरसमज : चालतोय तोवर चालू दे, गेला की बदलू

काटकसरीची ही सवय इतर ठिकाणी योग्य आहे. इथे ती महाग पडते. आठ हॅलोजन, प्रत्येकी ५० वॅट, रोज पाच तास लागले तर दिवसाला २ युनिट, वर्षाला ७३० युनिट होतात. ६ वॅटचे आठ एलईडी वर्षाला ८८ युनिट घेतात. फरक ६४० युनिटच्या आसपास. युनिटला १० रुपये धरले तरी ६,४०० रुपये झाले. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटच्या पायऱ्या आहेत आणि वरच्या पायरीचा दर जास्त असतो, म्हणजे वाचतात ती तुमची सर्वांत महागडी युनिटं. शिवाय एसी चालू असेल तर हॅलोजनने खोलीत ओतलेली ४०० वॅट उष्णता बाहेर काढायला एसीलाही वेगळी वीज लागते. हजार तासांत एकटा हॅलोजन एलईडीपेक्षा ४४ युनिट जास्त जाळतो, आणि तेवढ्या पैशांत चांगला एलईडी येतो.

गैरसमज : एलईडीने डोळे बिघडतात

युरोपीय आयोगाच्या शास्त्रीय समितीने २०१८ मध्ये उपलब्ध पुरावा तपासला आणि घरातल्या नेहमीच्या वापरात एलईडी दिव्यांमुळे निरोगी माणसाच्या आरोग्यावर थेट अपाय झाल्याचा पुरावा नाही, असं म्हटलं. त्रास होतो तो झगमगाटाचा आणि लुकलुकण्याचा. स्वस्त ड्रायव्हरमुळे उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा अभ्यासाच्या खोलीत लावू नका.

गैरसमज : बटण बंद केल्यावर दिवा मिणमिणतो, म्हणजे दिवा खराब

याला हसण्यावारी नेऊ नये. बटणावर इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणारा अतिसूक्ष्म प्रवाहही एलईडीला मंद पेटवायला पुरतो. हे निरुपद्रवी आहे. पण इंडिकेटर नसतानाही दिवा मिणमिणत असेल तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असण्याची शक्यता आहे. म्हणजे बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत आहे, आणि शिडीवर चढून दिवा काढणाऱ्या माणसाला शॉक बसू शकतो. हॅलोजनच्या काळात ही चूक लपून राहायची, एलईडीने ती उघड केली.

डिमरचं थोडक्यात : हॅलोजनचा जुना डिमर ६ वॅटवर बहुधा नीट चालत नाही. एलईडीसाठीचा डिमर आणि खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेला दिवा, दोन्ही लागतात. आणि हॅलोजन मंद केला की अधिक पिवळा होत जातो, तसा साधा एलईडी होत नाही.

खरेदीला जाण्यापूर्वी एमसीबी बंद करा, हॅलोजन पूर्ण गार होऊ द्या, एक दिवा काढून सोबत घ्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या लेबलाचा फोटो काढा. दुकानात ल्युमेन, केल्विन, कोन आणि सीआरआय हे चार आकडे विचारा. खोक्यावर बीआयएसचं चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का पाहा. तो खरा की खोटा हे 'बीआयएस केअर' अॅपवर तिथेच तपासता येतं. आणि आठही दिवे एकदम बदलण्याआधी एक लावून आठवडाभर त्याच्या उजेडात बसून पाहा.